जनूचं पान

बांध ठीक आहे असं कुणी सांगितलं की काळुराम म्हात्रे आधी मान डोलवायचा आणि मग स्वतः जाऊन बघायचा. पेणच्या खाडीपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खेकडा बांधाला बोटभर बीळ पाडतो, वरून काही दिसत नाही, आणि पुढच्या उधाणाला खारं पाणी शेतात येऊन उभं राहतं. म्हणून जिथे ओल दिसेल तिथे हात घालून बघायचं. तरुणपणी बापाबरोबर मिठागरात राबला, पुढे रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झाला, पेणला रामवाडीत दोन खोल्या बांधल्या. पण खोड काही गेली नाही. बायकोने, पुतळीने, गॅस बंद केला असं सांगितलं तरी हा उठून बटण फिरवून यायचा. पुतळी म्हणायची, हा माणूस एक दिवस माझा श्वास चालू आहे का तेही बघून घेईल.

अशा माणसाच्या मुलाने लग्न ठरवावं, तर तेही सरळ कसं होईल? निकेश बापाच्याच कंपनीत लागला होता आणि तिथल्या लॅबमधली किमया त्याला आवडली होती. ती रोह्याजवळची, कुंडलिकेच्या काठच्या गावातली. आडनाव तिचंही म्हात्रेच. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण खाडीपट्ट्यात आडनावं मुळात मोजकी आणि म्हात्रे तर वाटेल तिथे भेटतात. भावकी वेगळी असली की झालं. पोरगी काळुरामला पसंत होती, पुतळीला तर फारच, कारण पहिल्याच भेटीत किमयाने न सांगता मासे साफ करायला घेतले होते.

भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या झाली आणि त्यानंतर किमयाचे वडील नितेश चारचौघांना घेऊन रामवाडीला घर बघायला आले. चहा झाला, गप्पा रंगल्या. नितेशने हौसेने सांगितलं की आमचं मूळही तुमच्याच बाजूचं, आमचा पणजा जनू पेणच्या खाडीतूनच रोह्याला आला. पुतळीच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

कारण असं की काळुरामच्या घरात दर सर्वपित्रीला पितरांची पानं वाढून झाली की एक पान जास्तीचं मांडलं जायचं, आतल्या ओळीत नाही, उंबऱ्याशी. ते जनूचं पान. पुतळीला ते सासूने शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने. जनू कोण, तर बांध फुटला तेव्हा बुडालेला, पणजा हिराजीचा भाऊ. पाण्यात गेला म्हणून पान उंबऱ्याशी. एवढंच घरात ठाऊक होतं आणि एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

"ज्याचं पान मी पंधरवड्यापूर्वी मांडलं, त्याचीच खापरपणती सून म्हणून आणायची?" पाहुणे गेल्यावर पुतळी म्हणाली. "भाऊबहीण झाली वो ती दोघं."

जनू बुडाला नसेल, रोह्याला जाऊन संसाराला लागला असेल, तर निकेश आणि किमया एकाच रक्ताची, एकाच भावकीची. हे लग्न लावलं तर भावकी दारात उभी करणार नाही, हे एक वेळ सोसलं असतं. पण त्याच्या स्वतःच्या मनाला ते पटणार नव्हतं. आणि मोडलं तर पोराचं काय? निकेशला सांगितलं तेव्हा तो भांडला नाही, रागावला नाही. डबा उचलून तो शिफ्टला निघून गेला आणि ते काळुरामला जास्त लागलं.

मग काळुरामने त्याच्या स्वभावाप्रमाणे ओलीत हात घातला. पेणच्या कचेरीत गेला, रोह्याच्या कचेरीत गेला, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी अर्ज केले, आज या मग उद्या या हे ऐकून घेतलं. नोंदी निघाल्या त्या मोडी लिपीत. पेणला शरद नावाचे एक निवृत्त मास्तर मोडी वाचून देत. त्यांच्या ओटीवर काळुराम नकला घेऊन बसला. मास्तरांनी भिंग फिरवलं आणि वाचलं. पेणकडची नोंद: हिराजी म्हात्रे, बापाचं नाव काळू. रोह्याकडची नोंद: जनू म्हात्रे, बापाचं नाव काळू.

काळुराम नकला गुंडाळायला लागला. मास्तरांनी समजावलं की खाडीत त्या काळी घरटी एक काळू असायचा, तुम्हीच बघा तुमचं नाव काय आहे ते. नुसत्या बापाच्या नावावरून भाऊ ठरत नाहीत. पण घाबरलेल्या माणसाला दुसरी बाजू ऐकू येत नाही. त्याने भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, गावच्या पाटलाच्या घरी विचारलं. सगळीकडे पुरुषांना विचारलं आणि पुरुषांबद्दलच विचारलं. आपल्याकडे वंशावळ म्हणजे बाप, त्याचा बाप आणि त्याचाही बाप. हिराजीच्या बायकोचं, म्हणजे काळुरामच्या सख्ख्या पणजीचं, नावसुद्धा कुणाला येत नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

दिवाळी आली. नकार फोनवर कळवणं काळुरामला बरं वाटेना. पोरीच्या बापासमोर बसून सांगावं, शिव्या बसल्या तर खाव्यात, असं ठरवून भाऊबीजेच्या सकाळी तो मोटरसायकलवर निघाला. नागोठणं गेलं, कोलाड आलं. तिथे तो चहाला थांबला आणि चहा अर्धा टाकून उठला.

नितेशच्या अंगणात पोचला तर घरातली माणसं नदीवर निघायच्या तयारीत. नितेशच्या हातात नारळ आणि हिरवा खण. पाहुणे आले म्हणून नितेश थांबला आणि ओशाळून म्हणाला की बसा, एवढं पाण्यात सोडून आलोच. आमच्याकडे बहिणींनी ओवाळायच्या आधी खण-नारळ कुंडलिकेत सोडतात, आजीची रीत आहे, तिलाच ठाऊक कशाची.

काळुराम नकार द्यायला आला होता. पण ओल दिसली होती.

नितेशची आजी गोदूबाई ओटीवर पाय सोडून बसली होती. नव्वदीची, कानाने कमी, बाकी ठणठणीत. काळुराम तिच्यापुढे उकिडवा बसला आणि मोठ्याने विचारलं, "आजी, खण कुणाचा गो?"

"बामीचा," गोदूबाई म्हणाली. "माझ्या सासऱ्याची बहीण. तिकडं पेणच्या खाडीत दिलेली, हिराजी म्हात्र्याला. लंगडा होता तो. बांध फुटला न् सगळं घर व्हावून गेलं. तवापासून सासरा दर भाऊबीजेला तिचा खण पाण्यात सोडायचा. रडायचा बघ, येवढा बाप्या माणूस."

हिराजी लंगडा होता हे काळुरामने बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. आणि गोदूबाईचा सासरा म्हणजेच नितेशचा पणजा जनू. जनू हिराजीचा भाऊ नव्हता, मेहुणा होता! बायकोचा भाऊ, दुसऱ्याच भावकीतला म्हात्रे. तिकडे बामीला वाटलं मिठागरावर गेलेला आपला भाऊ बुडाला, आणि माहेरी मागे कुणी उरलं नाही म्हणून तिने सासरीच त्याचं पान मांडलं. इकडे जनूला कुणीतरी सांगितलं की बहिणीचं घर गेलं, आणि तो वाटेतूनच फिरून रोह्याकडे आला. दोघंही जिवंत होती, मोटरसायकलवर सकाळच्या सकाळी पोचता येईल एवढ्या अंतरावर. दोघांतल्या एकानेही जाऊन बघितलं नव्हतं.

काळुराम रडला आणि रडता रडता हसला. म्हणजे किमया ही निकेशच्या बाजूने मामाच्या वंशातली पोर. मामाच्या घरची मुलगी करायला आपल्याकडे कधी कुणी नको म्हटलंय? इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला केला असं त्याला झालं. नितेशला त्याने सगळं सांगितलं, नकार द्यायला आलो होतो हेसुद्धा. आणि दाराआड उभी असलेली किमया तोंडाला ओढणी लावून आत पळाली ती निकेशला फोन करायलाच.

काळुरामने पुतळीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणून पान उंबऱ्याशी होतं. तो पाहुणा होता या घरचा. भावकीच्या ओळीत त्याला कसा बसवणार?" आणि पुढे, जरा भांडल्यासारखं, "आणि पणजीचं नाव काय सांगितलं? बामी? बरं. पुढच्या वर्षी मी नाव घेऊन वाढीन."

नितेश खण-नारळ हातात घेऊन तसाच उभा होता. नदीवर जायचं की नाही, त्याला कळेना. गोदूबाईने त्याला जवळ बोलावलं, त्याच्या हातातला खण घेतला आणि काळुरामच्या ओंजळीत ठेवला.

"आता पाण्यात कशाला?" ती म्हणाली. "तिचं घर हाय की."