साइडकारची कड

साइडकारची कड आत वळवायची, ही अक्कल माझी. अक्कांच्या पदराला वारा लागू नये म्हणून कागदावर मी ती इतकी डौलदार काढली, की आतला साचा मग बाहेर कसा निघणार, हा प्रश्न मला पडलाच नाही.

गेल्या महिन्यात रघू गेला. कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्याने सांगितलं. मी आत जाऊन मस्टरवर सही केली आणि मग... मग दुपारपर्यंत पेन्सिलींना टोकं करत बसलो.

रघूचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. त्याच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं, की पुण्याहून आलेल्या मला पहिलं वर्षभर तो रागावलाय की जेवायला बोलावतोय, हेच कळत नसे. विमानाच्या कारखान्यात तो वर्कशॉपला, मी ड्रॉइंग ऑफिसात. त्याची बायको, आम्हा सगळ्यांच्या अक्का, एका तापात पायांनी अधू झालेल्या. होसकोट्याला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. अक्कांना बसची पायरी चढवेना, सारखी टॅक्सी परवडेना, आणि लोखंडी साइडकार रघूच्या म्हाताऱ्या स्कूटरला ओढवेना. म्हणून फायबरग्लासची हलकी साइडकार घरीच करायचं ठरलं. आम्हा दोघांनाही त्यातलं काही येत नव्हतं. फरक एवढाच, की रघूला ते ठाऊक होतं.

राजाजीनगरच्या घरामागे त्याने प्लॅस्टरचा साचा घडवला, पालथ्या होडीसारखा. त्यावर काचेच्या कापडाचे थर अंथरायचे, वरून रेझिन चोपडायचं. अंगभर खाज, नाकात वास. अक्का खिडकीतून म्हणायच्या, "भावजी, एवढं मन लावून कुणाच्या घरी पोहे खाल्ले असते, तर लग्न झालं असतं तुमचं!" थर वाळून दगडासारखे झाले. आम्ही ओढून पाहिलं... माझी डौलदार कड साच्याखाली घट्ट अडकलेली.

"स्वल्प थांब रे," रघू म्हणाला. "पुढच्या रविवारी करवतीनं कड कापू."

"रविवार कशाला? अक्कांना आजच बसवू की," म्हणत मी हातोडा घातला. साचा फुटला. साइडकारही मधोमध तडकली.

रघू उकिडवा बसून तुकडे वेचत राहिला. नवं रेझिन मुंबईहून येईतो होसकोट्याची आई गेली. अक्का शेवटी टॅक्सीनेच गेल्या, तोंड पाहायला.

दुसरी साइडकार त्याने एकट्याने केली. "तू फक्त चहाला ये," म्हणाला. सरळ कडेची, बेढब, पण साच्यावरून अल्लाद निघाली. मग दोघं लालबागेत जायची, बाजारात जायची. होसकोट्याला जायला मात्र आता कारण उरलं नव्हतं. रघूने मला एकदा तरी सणसणीत शिवी हासडायला हवी होती. ती न देताच मेला लेकाचा...

परवा भेटायला गेलो. साइडकार ओसरीत उभी, शेजारी खुर्चीत अक्का. स्कूटर चालवणारं घरात आता कुणी नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, मी शिकतो चालवायला. म्हणाल तिथं नेत जाईन तुम्हांला."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"भावजी, माझे पाय गेलेत. डोकं नाही."