तळ्याचं नाव

"थांब! आता सांग, कोण मारला?"

अक्कांचं बोट वर गेलं की समजायचं, प्रकरण संपलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. अण्णा नगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. तंजावरकडचं मराठी घर. बोलणं जुन्या मराठीत, लिहिणं तमिळमध्ये. लिहीत काय, तर रहस्यकादंबऱ्या. त्यांत आधी एखादं तळं मरायचं, मग माणसं.

नोकरी सगळी पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत गेलेली. "जन्मभर रिपोर्ट लिहिले रे, कुत्रं वाचलं नाही," त्या म्हणत. "एक खून घातला, आणि बसमधल्या बायका वाचायला लागल्या!"

मी पुण्याहून इथे येऊन वीस वर्षं झाली, तरी तमिळ बोलण्यापुरतंच. अक्षर एक वाचता येईना. त्यांना असाच ठोंब्या हवा होता. दर रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता त्या नवं प्रकरण मला मराठीत सांगत. मी खुनी ओळखला, की ते प्रकरण रद्द. "तुला कळ्ळं म्हणजे सगळ्यांना कळ्ळं!" हे वाक्य पुढे आमच्या बायकोनेही उचललं. सात कादंबऱ्यांत मी दोनदाच बरोबर ठरलो. आता तुम्हीच सांगा, साहित्याची एवढी सेवा दुसऱ्या कोणी केली असती?

आठव्या कादंबरीत नल्लेरी आली. खरंखुरं तळं. ओरगडमच्या आमच्या कारखान्यात जाताना कंपनीच्या बसमधून दिसायचं, दर वर्षी जरा आणखी अरुंद. प्रकाशक घाबरून थेट गच्चीवर आले.

"मॅडम, नाव तेवढं बदला. तळ्यात भराव टाकणारे नोटीस पाठवतील."

मी आपलं शहाणपण पाजळलं. "अक्का, बदला ना. गोष्ट तीच राहते."

त्यांनी हातातला ओला टॉवेल असा झटकला, की प्रकाशकांच्या कॉफीत थेंब उडाले. "नकाशातून नाव काढले. पाटी काढले. आता मीही काढू? मग तिथं तळं होतं म्हणून कोण सांगेल? तू?"

मी चिमटे मोजत बसलो. प्रकाशक कॉफी तशीच ठेवून गेले.

अक्कांनी जॉर्ज टाउनमधल्या एका छापखान्यातून पुस्तक स्वतःच काढलं. मुखपृष्ठावर तळ्याचं नाव ढळढळीत, स्वतःचं मुंगीएवढं. नोटीस आलीच. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती पहिल्या पानावर छापली.

शेवटचं प्रकरण मात्र मला सांगितलं नाही. "नक्को. किती दिवस कानानं वाचशील? शीक आता."

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. गच्चीवरची त्यांची दोरी कोणी काढलेली नाही. मी मुलीचं पहिलीचं तमिळ पुस्तक शोधून अक्षरं गिरवतो. घरात सगळे मनसोक्त हसतात.

परवा कंपनीच्या बसमध्ये अक्कांचं पुस्तक मांडीवर घेतलं, मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "न... ल्ले... री."

शेजारची सहकारीण पुस्तकाकडे बघता बघता खिडकीबाहेर बघायला लागली. भरावाच्या ढिगाऱ्यामागे पाण्याचा एक पट्टा चमकत होता.

"हीच का ती?" तिने विचारलं.

"हीच," मी म्हणालो.