बँकेसाठी राखलेला गाळा

दैवशाला, हे तुला लिहितेय, पण वाचायचं आहे बाकीच्यांनी. तू स्वतः सांगायला बसलीस की दुसऱ्याच वाक्याला मालकाची बाजू घेतेस. त्यांचंही बरोबरच आहे म्हणे, कर्ज काढून बांधलंय म्हणे. कर्ज त्यांनी काढायचं आणि जिने तू चढायचे, हा कुठला न्याय? तेव्हा तू गप्प बस. काही चुकलं तर नंतर भांड.

तर ही दैवशाला. सोनारीकडच्या बिराप्पाची मुलगी. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ हिंडायचा, आणि त्या घरात खुर्चीवर बसून पोट भरणारी पहिली ही. आधी मराठी टायपिंगची परीक्षा, मग कॉम्प्युटर, मग धाराशिवात कोर्टामागच्या रस्त्यावर शरणबसप्पांच्या इमारतीत तळमजल्यावरचा गाळा. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, नावातल्या दुरुस्त्या, भाडेकरार. चौदा वर्षं हेच. सास्तूरहून, ढोकीहून म्हातारी माणसं पिशवीत कागद घालून यायची आणि पायरीवर बसूनच हाक मारायची. सगळं वाचून दाखवल्याशिवाय ही कुणाचा अंगठा घेत नसे. त्यावरून वकील तिची थट्टा करत. करोत.

तिचा स्वतःचा करार अकरा महिन्यांचा, सगळ्यांचा असतो तसा. मुदत संपली की कागदोपत्री गाळा सोडायचा आणि नवा करार करायचा. शरणबसप्पांनी त्याला घरचं वळण लावून ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी दैवशालानं शटरला कुलूप घालायचं, वरच्या मजल्यावर त्यांच्या घरी जायचं आणि किल्ली देवघरात ठेवायची. किल्लीखाली ताबा परत दिल्याची पावती. सकाळी लिंगपूजा झाली की शरणबसप्पांची बायको नीलम्मा किल्लीला विभूती लावून ती हिच्या ओंजळीत ठेवायची. मग चहा, मग नव्या करारावर सह्या. पावती टाइप करणारी हीच. 'गाळा रिकामा करून निर्वेध ताबा मालकास दिला असे.' जगाला कागद वाचून दाखवणाऱ्या या बाईनं हे वाक्य पंधरा वेळा टाइप केलं, खाली सही केली, आणि ते स्वतःला एकदाही वाचून दाखवलं नाही.

मधल्या काळात गाव वाढलं. मेडिकल कॉलेज आलं. सोलापूरची नवी रेल्वे येणार म्हटल्यावर जमिनीचे भाव तिच्याआधीच स्टेशनात जाऊन बसले. ज्याचे रस्त्याला लागून चार गुंठे, त्यानं तीन मजले उठवले. खाली गाळे, वर हॉल, आणि प्रत्येकाच्या डोक्यात भाडेकरू एकच, बँक. बँक नाही तर विमा कंपनी, तीही नाही तर लातूरचे क्लासवाले. भाडं सांगायचं ते सोलापूरचं ऐकून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'भाड्याने देणे आहे'चे फलक उन्हानं पांढरे पडलेत, शटरखाली गवत उगवलंय, पण आत बसून चार कागद टाइप करीन म्हणणाऱ्या माणसाला जागा नाही. याला म्हणे विकास म्हणायचं.

गेल्या वर्षी पंधराव्यांदा किल्ली देवघरात गेली. सकाळी दैवशाला नवा करार आणि पेढे घेऊन वर गेली, तेव्हा खाली पायरीवर सास्तूरचं एक म्हातारं जोडपं बसलेलं होतं. पाच मिनिटांत आले म्हणून ती त्यांना सांगून आली होती. देवघरात किल्ली नव्हती. नीलम्मा चहा न विचारता आत गेली. समोर मुलगा महांतेश बसलेला, हातात पावती.

"ताई, या बारीला करार नको," तो म्हणाला. "मंगळवारी बँकेचे लोक गाळा बघायला येऊ लालेत."

तिला आधी चेष्टाच वाटली. त्याआधीच्या दिवाळीपासून तो तिला बँकेची भीती घालून हसवत असे. किल्ली द्या, खाली गिऱ्हाईक खोळंबलंय, असं ती म्हणाली. त्यानं पावती तिच्यापुढं धरली.

"ताबा तर तुम्ही काल दिला की. तुमच्याच हातचं टाइप हाय. सही बी तुमचीच."

म्हणजे चोरी नाही, दांडगाई नाही. पोरानं फक्त ते वाक्य वाचलं. इतक्या वर्षांत ते वाचणारा तो पहिला, एवढीच त्याची हुशारी.

दैवशाला कोपऱ्यातल्या शरणबसप्पांकडं वळली. आप्पा, तुम्ही तर बोला, म्हणाली. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "पोरानं काय तरी इचार केला असंल. तू समजदार हाईस, माय."

समजदार. या जिल्ह्यात एखाद्या बाईचं काही काढून घ्यायचं असलं की आधी तिला समजदार म्हणतात. मला हा शब्द ऐकला की हातातलं फेकून मारावंसं वाटतं. दैवशालानं मात्र पेढ्यांचा पुडा तिथल्या स्टुलावर ठेवला आणि ती खाली आली. त्या जोडप्याचा अर्ज तिनं समोरच्या चहाच्या टपरीवर हातानं लिहून दिला.

मग सुरू झाली जागेची शोधाशोध. एकाला चारही शटर एकत्र घेणारा हवा होता. दुसरा म्हणाला, खेड्यातली माणसं पायरीवर थुंकतात. तिसऱ्यानं तिला खुर्ची दिली, गाळा द्यायचा नाही म्हणून सांगितलं, आणि वर विचारलं की बँकेसाठी कराराचा नमुना करून द्याल का, तुमचा हात चांगला आहे. तिनं करून दिला. मी तिला म्हटलं, तू वेडी आहेस. तर म्हणे, कामाला नाही कसं म्हणायचं, बाई.

शेवटी रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. बेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघे धरत येणारी माणसं खालूनच ओरडतात. मग ही कागद आणि शाईचं पॅड घेऊन उतरते, फुटपाथवर उकिडवी बसून मजकूर वाचून दाखवते, अंगठा घेते, पुन्हा चढते. दिवसातून दहा वेळा. निम्मी माणसं तेवढीही थांबत नाहीत. खाली कोपऱ्यावर एक झेरॉक्सवाला बसतो, तो वाचून बिचून काही न दाखवता अंगठा उठवून घेतो. तिची झोप उडते ती भाड्यापायी नाही, त्या अंगठ्यांपायी.

आणि बँक? बँकेची माणसं आली, टेप लावून मापं घेऊन गेली. दारात पायऱ्यांऐवजी उतार हवा, जनरेटरला जागा हवी, पैसे ठेवायची पक्की खोली हवी. महांतेशनं लेखी काही न घेता गाळ्यात काँक्रीटची खोली बांधली, भिंती हातभर जाड. बँक बायपासला गेली. आता त्या गाळ्यात निम्मी जागा ती खोलीच खाते. मोबाइलवाला बघून गेला, औषधवाला बघून गेला. वर्ष झालं, शटर बंद आहे.

महांतेशनं मग चहावाल्याकडून निरोप धाडला. यायचं तर या, भाडं दीडपट, खोलीसकट. दैवशाला गेली, पण या वेळी करार तिचा होता. तीन वर्षांचा, रजिस्टर केलेला, आणि देवघरात किल्ली ठेवणं बंद. भाडं तो म्हणेल ते.

"रजिस्टर करून दिलं तर गाळा माझा ऱ्हाईल का?" तो म्हणाला.

"तुमचाच ऱ्हाईल. फकस्त मला तुमच्या मर्जीवर बसावं लागणार न्हाय."

त्यानं कागद परत सरकवला.

इथवर मी कुणालाही शिव्या देऊ शकते. पुढं अवघड आहे. इमारत ना महांतेशची ना आप्पांची. सातबारा नसला तरी सिटी सर्व्हेचा उतारा असतो, आणि त्यावर नाव नीलम्माचं आहे. जागेचा पैसा तिच्या माहेरचा. करारावर सही तिचीच लागते, तीही कानडीत, कारण तिला मराठी चहापाण्याच्या बोलण्यापुरतंच कळतं, वाचता येत नाही. दैवशालाला कानडी येत नाही. मला येतं, आणि नीलम्मा माझी मामेबहीण.

तू तो करार पाकिटात घालून माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "बाई, महांतेश घरी नसताना जावा. नीलम्मा अव्वाला सगळा वाचून दावा. सही न्हाय केली तरी चालंल, पर काय लिवलंय ते त्यांच्या कानावर जाऊ द्या."

मी हो म्हटलं. सोमवारी जाते म्हटलं. सोमवारी घरी पाहुणे आले, पुढच्या सोमवारी उन्हाचं निमित्त झालं. मग नीलम्मा लेकीकडं, गायत्रीकडं, कलबुर्गीला गेली. ती परतून तीन महिने झाले. नात्यात वाकडं नको, हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. पाकीट माझ्या कपाटात आहे.