सत्तावीस नंबरचं पिंप

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तळघराच्या मास्तरांनी सत्तावीस नंबरच्या वाइनच्या पिंपाचं बूच काढलं, भोकाला नाक लावलं, दोन श्वास घेतले आणि वहीतल्या 'वास' या रकान्यात लिहिलं : काळ्या मनुका, थोडी तंबाखू. त्यांना कसलाही वास आलेला नव्हता. डिसेंबरात हेच पिंप हुंगून त्यांनी हेच शब्द लिहिले होते. पानं मागे उलटून त्यांनी ते उतरवून काढले, एवढंच.

अकरा आठवड्यांपूर्वी त्यांना चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी तो गेला आणि जाताना नाकाचा वासही घेऊन गेला. पुढे एकदा ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले असताना हाताच्या अंतरावर दूध करपलं, भांडं काळंठिक्कर झालं. बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली. तिने भांड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "डॉक्टरकडे जाऊन येऊ," म्हणाली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. नाहीतर नाही येणार.

वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर मास्तरांना जरा आठवून बघावं लागलं असतं. जेवण गरम असे किंवा गार, खारट असे किंवा आंबट. साबण म्हणजे फेस. बायकोच्या केसांतलं तेल म्हणजे उशीवरचा डाग. ते वेळेवर उठत, वेळेवर कामावर येत आणि वही भरत.

ही वही म्हणजे तळघराचा कारभार. चौसष्ट लाकडी पिंपं, प्रत्येकात सव्वादोनशे लिटर लाल वाइन, आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने : रंग, वास, चव, सही. दर शुक्रवारी चार वाजता वही मालकीणबाईंच्या टेबलावर जाते. कुठलं पिंप कुठल्या वाइनमध्ये जाणार, हे बाई बहुतेक दुसरा रकाना वाचूनच ठरवतात. एकतीस वर्षं तो रकाना मास्तरांनी भरला. त्यांच्या आधीचे मास्तर म्हातारपणी चुकायला लागले, तेव्हा बाईंच्या वडिलांनी त्यांना फाटकावरच्या खोलीत खुर्ची दिली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. ती खुर्ची अजून तिथेच आहे.

आजचं काम उरलेल्या पिंपांचं होतं. दरवर्षी मोठ्या वाइनची जुळवाजुळव झाली की पाच-सहा पिंपं मागे राहतात. एखादं फारच तुरट, एखादं पातळ, एखादं चांगलं असूनही इतरांत न मिसळणारं. नवी द्राक्षं येण्याआधी पिंपं रिकामी व्हायला हवीत. मग या उरलेल्यांचं एकच मिश्रण करतात. हजार-बाराशे बाटल्या होतात, लेबलवर द्राक्षाचं नाव नसतं, फक्त साल. जुनी गिऱ्हाइकं त्याची आधीपासून चौकशी करतात. यंदा अकरा, एकोणीस, सत्तावीस, अडतीस आणि बावन्न ही पाच उरली होती. अकरा वाजता मालकीणबाई चाखायला येणार होत्या.

मास्तरांनी काचेच्या नळीने पाचही पिंपांतली वाइन काढली, खुणांच्या ग्लासात मापून मिसळली आणि घोट घेतला. आंबट, तुरट, घशाशी गरम. एवढं जिभेला कळत होतं. बाकीचं वहीतून घ्यायचं. वहीप्रमाणे सत्तावीस सगळ्यांत उत्तम होतं, म्हणून ते त्यांनी सगळ्यांत जास्त घेतलं होतं.

"ते सत्तावीस नका घालू, मास्तर."

पिंपं धुणाऱ्या मावशी पायरीवर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होत्या. बावीस वर्षं त्या इथे पाण्याचा पाइप ओढत होत्या.

"का?"

"नेलपॉलिश पुसायचं ते पाणी असतं ना, तसला वास मारतंय. मी इथे बसून सांगते, आणि तुम्ही तोंड घातलंत त्यात."

मास्तरांनी पुन्हा बूच काढलं. आत बोट घातलं. वाइन चार बोटं खाली गेली होती. दर सोमवारी पिंपं काठोकाठ भरायची असतात. कमी भरलं की आत हवा शिरते आणि वाइन बिघडायला लागते. तापाच्या आठवड्यात हे एक राहून गेलं असणार. नंतरच्या सोमवारी त्यांनी नाक लावून, ठीक आहे असं धरून, पुढचं उघडलं असणार.

"मला नाही आला वास," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"गेल्या महिन्यात बुरसटलेलं पिंप मला 'स्वच्छ आहे, लावून टाका' म्हणालात, तेव्हापासून. तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं मी ते. गुडघा गेला माझा त्यात."

"बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मास्तरांनी मिश्रण मोरीत ओतलं आणि एका कोऱ्या ग्लासात थोडी वाइन काढून तो मावशींपुढे धरला. "हे अकरा. कसलं वाटतं?"

"ओल्या पोत्याचं. पण वाईट नाही, पाऊस लागलेलं पोतं."

"एकोणीस?"

"लेकीची शाळेची पेटी. पेन्सिली, रबर, सगळं."

"बावन्न?"

"हे चांगलंय. गूळ कढवल्यासारखं. तुम्हाला खरंच काहीच येत नाही?"

"नाही."

"माझ्या नवऱ्याचे मोजे धुवायला पाठवू का? फुकट जातंय तुमचं सुख."

मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी ग्लास पुढे केला. मग चार पिंपांवर काम सुरू झालं. ते चाखत आणि सांगत, तुरट झालं, बावन्न थोडं वाढवू. त्या हुंगत आणि सांगत, आता पेटी गेली, नुसता गूळ राहिला. ते एकोणीस वाढवत. सातव्या ग्लासाला मावशींनी दोनदा वास घेतला. मास्तरांनी घोट घेतला. जिभेवर कुठे टोचलं नाही. अकरा, एकोणीस आणि बावन्न पूर्ण, अडतीस अर्धं.

अकराला पाच कमी असताना मालकीणबाई उतरल्या. पाठीमागे मावशी फरशीवर पाणी मारत होत्या. बाईंनी ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेऊन थुंकला, पुन्हा वास घेतला.

"गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे. सत्तावीस दिसत नाही यात?"

"बिघडलंय. व्हिनेगरकडे झुकलंय."

"तुम्ही तर गेल्या शुक्रवारपर्यंत उत्तम लिहीत होतात."

"आज सकाळी कळलं."

यात खोटं काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, "नशीब, मिसळण्याआधी कळलं. तुमचं नाक आहे म्हणून निभावतंय." पाण्याचा आवाज क्षणभर थांबला, मग सुरू झाला. मास्तरांनी ग्लास विसळला. बाई वर गेल्या.

"मी काही बोलणार नाही," मावशी पाइप गुंडाळत म्हणाल्या. "रोज सकाळी लवकर येईन, चौसष्टही हुंगून देईन. पण पिंपं ढकलायची नाहीत मी आता. एवढं तुम्ही बघा."

"बघतो."

"बघतो नाही. सांगा."

"नाही ढकलायची."

दुपारी तळघरात एकटे असताना मास्तर वही घेऊन बसले. सत्तावीससमोर सकाळी लिहिलेल्या काळ्या मनुका त्यांनी एका रेघेने खोडल्या आणि लिहिलं : नेलपॉलिश पुसायचं पाणी. खाली मिश्रणाची नोंद केली. रंग : गडद. वास : ओलं पोतं, शाळेची पेटी, गूळ. चव : तुरट, सरळ. सहीच्या रकान्यात त्यांनी मधोमध उभी रेघ मारली. 'चव' असं लिहून एका बाजूला स्वतःची सही केली. दुसऱ्या बाजूला 'वास' लिहिलं आणि मावशींना हाक मारली. मावशींनी ओले हात पदराला पुसले, आधी वाचलं, मग मास्तरांकडे बघितलं.

"बाई वाचतील हे."

"हो."

"त्या फाटकावरच्या खोलीत पंखा नाही, मास्तर."

"ठाऊक आहे."

मावशींनी सही केली. अक्षर मोठं होतं, रकान्याबाहेर गेलं.

उद्या साडेनऊला व्हिनेगरवाल्याचा टेम्पो येऊन सत्तावीस नंबरची वाइन घेऊन जाईल. उद्या शुक्रवार आहे. चार वाजता वही वर जाईल.