बेटावर वाकणार कोण?

२० डिसेंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहसंमेलन होतं आणि मी शाळेच्या व्हरांड्यात ब्लॉकिंग पक्कं करत होते. ब्लॉकिंग म्हणजे रंगमंचावर कोणी कुठे उभं राहायचं, कधी हलायचं, ते ठरवणं.

मी सेनगाव तालुक्यात मराठी शिकवते. नाटक मीच लिहिलेलं, जुन्या साहसकथांच्या धर्तीवर. जहाज फुटतं. गोरा साहेब बेटावर पोचतो, झेंडा रोवतो, ‘हे माझं’ म्हणतो. शेवटी बेटावरची माणसं त्याच्यापुढे कपाळ टेकतात. ते बघून प्रेक्षकांना साहेबाचा राग यावा, असा माझा हिशोब.

राग कोणालाच आला नाही. झेंडा रोवताच तालीम बघणाऱ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

“नशीब काढलं गड्यानं,” मागून एक जण म्हणाला.

तेवढ्यात सलीमभाई पुढे आले. गावात शिलाईकाम करतात. त्यांची लेक शबाना नाटकात बेटाची म्होरकी झाली होती.

“म्याडम, आमी माणसापुढं कपाळ टेकत न्हाई. ते फक्त अल्लापुढं. लेकरू उद्या येणार न्हाई.”

“भाई, साहेब वाईट आहे, हेच तर दाखवायचंय.”

“वाईट काहून? हिमतीनं मोठा झाला की. तिलाच सायब करा, माझी ना न्हाई.”

“मग वाकणार कोण?”

साहेब झालेल्या विनायकची आई लगेच म्हणाली, “आमचा तर न्हाई. मामाला फोटो पाठवायचेत त्याचे.”

हेडसर घड्याळ बघत होते. “पोरगी बदला, बाई.”

“सर, निम्मे संवाद तिचे आहेत. आणि बदलीला कोण देतंय पोरगं?”

कोणीच दिलं नाही. शबाना खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. तिला संवाद माझ्यापेक्षा पक्के पाठ होते.

साहेबानं बेट घेतलं, याचं कोणाला काहीच नव्हतं. वाकणारं लेकरू आपलं नसावं, एवढंच. चूक गोष्टीत होती, लोकांत की माझ्यात, मला ठरवता येईना. एवढं मात्र कळलं, की राज्य करायला हवे तेवढे उमेदवार मिळतात. नाटक अडतं ते वाकणाऱ्यापाशी.

सकाळी सलीमभाईंच्या घरी जाऊन सांगितलं, वाकणं काढलंय, शबानाला पाठवा. मग मुलांना नवा शेवट समजावला: साहेब हुकूम सोडेल आणि बेटावरची माणसं त्याच्याकडे न बघता मासे निवडत बसतील.

“म्याडम, कुणी वाकलंच न्हाई तर मी काय करू?” विनायकनं विचारलं.

“उभा राहा,” मी म्हणाले आणि पडदा उघडायला सांगितला.