विहिणीवर स्वारी

कामरगावात ब्लाऊज शिवायचा असेल तर चतुराबाईकडे जावं, पण घाई असेल तर मुळीच जाऊ नये. बेतणं चोख, शिलाई सरळ, गळा सांगितला तसा. मात्र एक ब्लाऊज हातावेगळा झाला की बाई मशीनचं चाक थांबवणार, कपाळावरचा चष्मा नाकावर घेणार आणि मोबाईलवर एक डाव खेळणार. मग समोर नवरी हळदीसाठी खोळंबलेली असली तरी बेहत्तर. एक ब्लाऊज, एक डाव, असा तिचा नेम.

शेजारची बेबीबाई एकदा वैतागून म्हणाली, "काय वं चतुरा, या वयात पोट्ट्यायचा खेळ खेळतं?"

"पोट्ट्यायचा कायचा? पोट्टे धडाधड गोळ्या मारतेत. याच्यात इचार करा लागते, बाप्पा," चतुराबाई म्हणाली, आणि पुन्हा मोबाईलकडे वळली.

ते खरंच होतं. हा खेळ आळीपाळीचा. आपण आपला डाव खेळायचा आणि समोरच्याचा होईपर्यंत हात बांधून बसायचं. तो दुपारी खेळो नाहीतर उद्या खेळो. नकाशावर गावं वसवायची, शेतं पिकवायची, कोठारं भरायची, फौज पोसायची, आणि मनात आलं तर शेजारच्या राज्यावर चालून जायचं. खेळात चतुराबाईची शेजारीण एकच होती. रिसोडची ललिताबाई. म्हणजे तिची विहीण.

आता विहिणी-विहिणींनी राज्यं करावीत आणि तीही मोबाईलवर, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? तर चतुराबाईच्या लेकीच्या, ज्योत्स्नाच्या. तिचं लग्न रिसोडच्या करणशी झालं, तेव्हापासून दोन्ही आया फोनवर बोलायच्या ते इतकंच: जेवण झालं का, झालं, पाऊस हाय का, हाय. पुढे दोन्हीकडे शांतता. शेवटी ज्योत्स्नानं दोघींच्या मोबाईलमध्ये हा खेळ टाकला आणि म्हणाली, "बोलता नाई येत तं खेळा तरी."

बोलता न येण्याचं कारण लग्नातलं होतं. मुलीवाल्यांनी मानपानात काही म्हणता काही कमी केलं नव्हतं. ललिताबाईंना पायघड्या घातल्या, पाय धुतले, जरीची साडी नेसवली. साडीवरचा ब्लाऊज तर चतुराबाईनं स्वतः शिवला, तोही माप न घेता. विहिणीला "उभ्या राहा, हात वर करा" असं कोण सांगणार? साखरपुड्यात तिनं ललिताबाईंना नजरेनंच मोजलं आणि त्या अंदाजानं कापडाला कात्री लावली. आणि एवढं सगळं करूनही मांडवात विहीणबाईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. विहीणपंगतीत ताटातली जिलेबी तशीच राहिली. सुनेच्या डोक्यावर हात ठेवायची वेळ आली, तर तो हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथूनच परतला. सगळ्या मांडवानं पाहिलं. लेकीच्या डोक्यावर सासूचा हात पडला नाही, हे चतुराबाईच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

खेळाचे पहिले दोन सामने चतुराबाई हरली. हरली कसली, हरवून घेतलं. हत्ती तयार असताना तिनं विहिरी खोदल्या, किल्ला घ्यायचा तर बागा लावल्या. मुलीच्या आईनं विहिणीला जिंकायचं असतं का? आपलं माणूस त्यांच्या घरात आहे. विहीण बिघडली तर भोगणार कोण? पण तिसऱ्या सामन्यात बाईचं मन बंड करून उठलं. जन्मभर चालताना मान खाली, बोलताना आवाज खाली. खोट्या राज्यात तरी एकदा खरं खेळून पाहू दे, असं तिला फार वाटायला लागलं.

आणि संधी तर अशी की साधूलाही मोह व्हावा. दोन राज्यांच्या मध्ये नदी. नदीपलीकडे ललिताबाईंची भरलेली बाजारपेठ, आणि तिच्या राखणीला एकच भालेवाला. सामना संपत आलेला. गुणांत ललिताबाई पुढे. ती बाजारपेठ घेतली तरच चतुराबाई जिंकणार, नाहीतर तिसऱ्यांदा हार. मध्ये अडसर फक्त पहिल्या दिवशी केलेल्या तहाचा. तो मोडायला एक बोट पुरे.

पण ते बोट उठेना. श्रावण लागला, तर ललिताबाईंचे उपास. उपाशी बाईवर काय चालून जायचं? पोळा झाला, मग महालक्ष्म्या आल्या. रिसोडला त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात, लेक तिथेच राबतेय, त्यात लढाई कुठे? मग पितृपक्ष, त्यात तर कोणी नवीन चप्पलही घेत नाही. लढण्याची कारणं शोधणारे राजे पुष्कळ होऊन गेले, पण न लढण्याची कारणं पंचांगातून काढणारी ही एकटीच. हत्ती आपले उभ्या उभ्या कोठारातलं धान्य खात होते.

तिनं नवऱ्याला विचारलं. मारोतराव सोयाबीन काढून आलेले, अंगभर भुसा. ते पाणी पिता पिता म्हणाले, "आपण मुलीवाले होय. मुलीवाल्याची तलवार म्यानातच शोभते."

"म्यानात गंजून जाईन नं अवो."

"गंजू दे. पोरगी सुखात राह्यली पायजे."

लेकीला फोन केला, तर तिची तऱ्हा तीच. "आई, तू इहिरी खोद, झाडं लाव. लढाई-बिढाई नको करू. खेळ मोबाईलमंधी होईन अन् तोंड मले घरात पाहा लागन."

चतुराबाईनं आणखी दोन विहिरी खोदल्या. पण नवरात्र बसलं आणि तिच्या मनानं उचल खाल्ली. दसरा! सीमोल्लंघनाचा दिवस. पूर्वीचे राजे पावसाळा संपला की दसऱ्यालाच मोहिमेवर निघायचे, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. या दिवशी केलेल्या स्वारीचा राग खुद्द देवालाही धरता येणार नाही, मग विहीण कोण लागून गेली?

दसऱ्याच्या सकाळी तिनं मशीन धुऊनपुसून झेंडूची माळ घातली. कात्री, टेप, सुया पाटावर मांडल्या आणि हळदकुंकू वाहिलं. मग तिला वाटलं, आज खरं शस्त्र तर वेगळंच आहे. तिनं मोबाईलही पाटावर ठेवला आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात हळदकुंकवाची ठसठशीत बोटं लावली.

पूजेची मशीन त्या दिवशी चालवायची नसते. ब्लाऊज नाही, म्हणजे डावासाठी थांबणंही नाही. चतुराबाईनं देवाला हात जोडले, "पोरीले सांभाळजो" म्हणाली, आणि तह मोडला. मग सगळेच्या सगळे हत्ती नदीत घातले.

हत्ती नदीच्या मधोमध गेले आणि थांबले. तिनं बोटानं पुढे ढकललं. हलेनात. मागे ओढलं, तरी हलेनात. पाणी तर हत्तींच्या पोटाला लागलेलं. हे काय अक्रीत म्हणून तिनं पदरानं काच पुसली, आणि कोपऱ्यातलं हळदकुंकू निघाल्यावर त्याच्याखाली काळा ढग दिसला. खेळातल्या ऋतूचं चित्र नेमकं तिथे असायचं, आणि खेळात होता भर पावसाळा. बाहेर दसरा आहे म्हणजे आतही पावसाळा सरला, असं बाई परस्पर धरून चालली होती. पुरात फौज अडकते, हे ती बेबीबाईलाही समजावून सांगू शकली असती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तह मोडला, बदनामी पदरात पडली आणि हत्ती गाळात. आता डाव विहिणीचा.

दुपार झाली, विहिणीचा डाव येईना. संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली, तरी येईना. शेवटी ज्योत्स्नाचाच फोन आला. आवाज दबका.

"आई, तू काय केलं वं? सासूबाई मोबाईल हातात घेऊन बसल्या. सोनं द्याले बाया आल्या तं त्यायच्याशीबी धड बोलल्या नाई. मंधातच 'हत्ती, हत्ती' म्हणून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन, आणि या वेळी लेक रडकुंडीला आलेली. "लग्नातली साडी काढली कपाटातून. पिशवीत भरली अन् निघाल्या एकट्याच. तुह्याकडे चालल्या."

लग्नातली साडी! आहेर परत करायला विहीण येणं म्हणजे काय, हे कळायला जोशीबुवा लागत नाहीत. मारोतराव शेतात जायचे थांबले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पाय धुवायला पितळी परात काढली आणि बायकोकडे न पाहता म्हणाले, "मी बोलीन. तू निस्ती मान खाली घाल." चतुराबाईला एक गोष्ट मनापासून पटली, की हत्ती गेले ते गेले, पण लेकीचं सुख आपण आपल्या हातानं पाण्यात घातलं. ती दारातच बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी रडू नये म्हणून ती नाक ओढत होती.

रिसोडहून वाशीम, वाशीमहून कारंजा, कारंजाहून कामरगाव, अशा गाड्या बदलत ललिताबाई दुपारी उतरल्या. उंच, आडव्या बांध्याच्या, चालणं ठसक्याचं. मारोतराव परात घेऊन पुढे झाले.

"ठेवा थे परात तिकडं, इवाई," ललिताबाई म्हणाल्या. "मी पाय धुवून घ्याले नाई आली."

त्या सरळ आत गेल्या, मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या, आणि पिशवीतून साडी काढली. साडीच्या घडीतून ब्लाऊज काढून तो त्यांनी मशीनवर टाकला.

चतुराबाई हात जोडून म्हणाली, "इहीनबाई, चूक झाली. तुमच्यावर हत्ती घालाले नाई पायजे होते. पण पोरीवर राग..."

"राग?" ललिताबाईंनी डोळे मोठे केले. "बाई, दोन खेळ तू मुद्दाम हरली. मले समजत नाई का? दारात हत्ती उभे अन् तू इहिरी खोदत बसली! बाजारपेठीवर एक भालेवाला ठेवला मी, म्हटलं आतातरी येईन. श्रावण गेला, पोळा गेला, तू येतंच नाई. घरात माह्यासंग कोणी भांडत नाई. नवरा हो म्हणते, पोरगा हो म्हणते, तुही पोरगी तं बोलाच्या आंधीच हो म्हणते. काल तू तह मोडला, मले इतकी खुशी झाली का जेवणबी सुचलं नाई."

मारोतराव परात घेऊन दारात तसेच उभे.

"अन् आता तूच भ्याली नाई, तं मी कायले भेऊ? म्हून आली." ललिताबाईंनी ब्लाऊजकडे बोट दाखवलं. "हा दंडात लहान हाय. लग्नात घातला तवा हात वरच होईना. घास तोंडापर्यंत नेता येईना, जिलेबी पाहत बसली मी. दिवसभर वाटे आता फाटते का मंग फाटते."

"तं सांगतलं काहून नाई?"

"सांगू कशी? इहिनीनं सोता शिवलेला. मांडवात म्हटलं असतं लहान हाय, तं गावभर झालं असतं का पोराच्या मायनं खोड काढली."

चतुराबाईनं ब्लाऊज उचलला, उलटा केला आणि दंडाचा घेर पाहिला. पाहता पाहता तिला हसू फुटलं. ते आधी नाकातून आलं, मग पोटातून. ललिताबाईही हसायला लागल्या. इतकी वर्षं दोन घरांत साचलेलं ते सगळं चार बोटं कापडापायी होतं, आणि ते कापड आत शिवणीत दुमडलेलं होतंच.

मग चतुराबाईनं गळ्यातला टेप काढला. "उभ्या राहा, इहीनबाई. हात वर करा."

ललिताबाई उभ्या राहिल्या. एक हात वर केला. दुसऱ्या हातात मोबाईल होताच. चतुराबाई दंडाचं माप घेत असताना त्या अंगठ्यानं डाव खेळत होत्या. "हा तुहा पयला हत्ती गेला. हा दुसरा. पुरात हत्ती घालते का कोणी, चतुरा?"

"पुढच्या पाळीले पूर उतरते. मंग पाह्यजा," टाचण्या ओठात धरून चतुराबाई म्हणाली.

तिनं दंडाची शिवण उसवली, आतलं कापड सोडलं, नवी टीप मारली. ललिताबाईंनी आत जाऊन ब्लाऊज घातला आणि बाहेर येऊन दोन्ही हात वर केले, पार आढ्याकडे. मग एक हात हवेत तसाच ठेवून त्या थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"ज्योत्स्नाच्या डोक्यावर ठेवाचा राह्यला होता," त्या म्हणाल्या. "घरी गेली का पयले थेच करीन."

चतुराबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, तरी तिला समोरचं नीट दिसेना.

"रडून नको राहू," ललिताबाई म्हणाल्या, आणि मोबाईल तिच्यापुढे धरला. "खेळ. डाव तुहा हाय."