शेवटच्या दिवसाची मजुरी

आमच्या पिक्चरच्या मॅनेजरबाईंना सगळं युनिट कायदेताई म्हणायचं, पाठीमागे आणि तोंडावरही. दिग्दर्शक तिचा सख्खा धाकटा भाऊ. पैसा म्हणाल तर दोघांनी मिळून काढलेलं कर्ज, बस. भावाचं म्हणणं सोपं होतं: सगळ्यांना नफ्यात वाटा देऊ. मी इतकी वर्षं लोकांच्या तोंडाला मेकअप फासतेय, असला वाटा कुणाच्या पदरात पडलेला मी तरी पाहिला नाही.

ताई ऐकेना. "कायद्यानं ठरलेली मजुरी, रोजच्या रोज. आठ तासांवर गेलं की दुप्पट. जमत नसेल तर पिक्चर नको." तिचे वडील लाइटमन होते. तापलेले दिवे उचलून त्यांच्या तळहातांची सालटं निघायची आणि मिळायचं काय, तर "पुढच्या पिक्चरला बघू". ताईच्या शाळेची फी आईचं कानातलं गहाण ठेवून भरली जायची. हे ती विसरायला तयार नव्हती. का विसरावं तिनं?

संध्याकाळी ती टेबल मांडून बसायची, आम्ही सही करून पैसे घ्यायचो. सुरुवातीला मला चोरट्यासारखं वाटलं. सवय नव्हती हो! आमचा लाइटमन तर नोट उजेडात धरून बघायचा.

घोळ भावानं घातला. म्हातारा बाप घरी परततो तो शेवटचा सीन त्यानं मुद्दाम शेवटच्या दिवसावर ठेवला. नटांच्या चेहऱ्यावरचा थकवा खरा हवा म्हणे! आणि आदल्या दिवशी हा पठ्ठ्या किटलीची वाफ टिपत बसला. वाफ कधी भलतीकडे जाई, कधी नटीचं तोंडच झाकून टाकी. टेकवर टेक. ताई घड्याळ दाखवत होती, तो हात झटकत होता. आठ तास कधीच उलटून गेले होते. त्या वाफेपायी सगळ्यांना दुप्पट मजुरी द्यावी लागली आणि उद्याचे पैसे आजच संपले.

ताईनं हे सगळ्यांना सांगितलं. मग लाइटमन म्हणाला, "ताई, उद्या आम्ही फुकट येतो. त्यात काय एवढं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

"नाही. फुकट राबवून घेणं बेकायदा आहे. माझ्या बापानं 'त्यात काय एवढं' म्हणतच जन्म काढला."

भाऊ पाया पडला, मग वाटेल ते बोलला. ती ढिम्म हलली नाही. भाड्याचा कॅमेरा परत गेला. लाइटमन दुसऱ्याच दिवशी एका नव्या पिक्चरवर रुजू झाला, नफ्यातल्या वाट्यावर! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला मला. पुढे म्हाताऱ्याचं काम करणारा नटही वारला आणि उरलीसुरली आशा गेली. भाऊ आता बहिणीचं तोंड बघत नाही. कर्ज ती एकटी फेडते.

परवा तिनं वडिलांना पिक्चर दाखवला. मीही होते. किटलीची वाफ आली आणि पडदा काळा झाला. वडील तसेच बघत बसले.

"पुढे?"

"पुढचं झालं नाही, बाबा. पैसे संपले. लोक फुकट करायला तयार होते, पण मीच नको म्हटलं." ती त्यांच्याजवळ सरकली. "तुमचे हाल आठवले."

म्हातारा भडकलाच. "एका सीनसाठी अख्खा पिक्चर घालवलास? वेडी की काय गं तू? मी असतो तर फुकट केला असता!"